उद्यापर्यंत होईल तेवढंच

इसोबे बाईंना पोरं पाठीमागे किटली म्हणायची. उकळी फुटायच्या आधी किटली जशी बारीक शिट्टी मारते, तशी चिडण्याआधी बाईंच्या नाकातून एक शिट्टी यायची, आणि ती ऐकली की शहाणी पोरं गुपचूप वही उघडून बसायची. नेगोरो बेटावरच्या दोन पिढ्यांनी ही शिट्टी ऐकली होती. ज्यांच्या आयांना बाईंनी झापलं, त्यांच्या मुलींनाही झापलं. टोपणनाव बाईंना ठाऊक होतं. त्यांचं म्हणणं एवढंच, की किटलीतून निदान चहा तरी मिळतो, या बेटावरच्या बाकीच्या भांड्यांतून नुसता आवाज येतो.

बाई इंग्रजी शिकवायच्या. भविष्यकाळाचा धडा आला की त्यांची एक ठरलेली रीत असे. फळ्यावर त्या इतरांसारखंच लिहायच्या, की विल घ्यायचं, त्याच्यापुढे मूळ क्रियापद जसंच्या तसं ठेवायचं, त्याला काही चिकटवायचं नाही. बेटावरच्या बोलीत उद्यासाठी क्रियापदाचं वेगळं रूपच नाही. जातो म्हटलं की आजचं जाणंही त्यातच आणि उद्याचंही. त्यामुळे पोरांना हे सोपं वाटायचं, एक शब्द मध्ये खुपसला की झाला भविष्यकाळ. मग बाई हात झटकून मागे वळायच्या आणि म्हणायच्या, "आता प्रत्येकाने स्वतःचं एक वाक्य करा. आय विल, आणि पुढे तुम्ही जे करणार ते. पण उद्यापर्यंत होईल तेवढंच."

पोरं ती पोरंच. कुणी लिही, मी अंतराळात जाईन. कुणी लिही, मी आईला मोठं घर बांधून देईन. बाई बाकाशी उभ्या राहून विचारायच्या, "उद्यापर्यंत?"

"नाही बाई."

"मग खोड."

खोडता खोडता शेवटी काय उरायचं, तर मी बूट धुवीन. मी आजीच्या कमरेला लेप लावीन. मी मांजराला माशाचं डोकं देईन. दुसऱ्या दिवशी बाई एकेकाला उभं करून विचारायच्या, आणि ज्याने केलं नसेल त्याला त्याच्याच हाताने ते वाक्य खोडायला लावायच्या. बेटावर चाळिशीचे बाप्ये आहेत, ज्यांना इंग्रजीचं एक अक्षर आता आठवत नाही, पण आपण कोणतं वाक्य खोडलं होतं ते आठवतं. आय विलच्या पुढे खोटं लिहायचं नाही, यावर बाई अडून बसायच्या. बाकी व्याकरणाच्या चुका त्या एक वेळ पोटात घालत.

एवढ्या कशाला अडून बसायच्या, हे मात्र कुणाला कधी विचारावंसं वाटलं नाही. विचारणार कोण, शिट्टी आली असती.

त्या वर्षी शाळा बंद व्हायची होती. एकाच छपराखाली पहिलीपासून नववीपर्यंतचे वर्ग, आणि सगळी मिळून पोरं बोटांवर मोजण्याइतकी. त्यात नववीतून बाहेर पडणारी एकटी शिओरी, ओगुशींची मुलगी. संत्र्याच्या बागा असलेले ओगुशी, चढावर राहतात ते. वसंतात शिओरी पुढच्या शिक्षणासाठी हिरोशिमाला जाणार, लहान पोरं रोज होडीने पलीकडच्या शाळेत जाणार, आणि इसोबे बाई साठ वर्षांच्या होऊन निवृत्त होणार. सगळं एकाच दिवशी. गावाला वाटलं, एकाच मंडपात सगळी कार्यं उरकतात, बरंच झालं.

निरोपाच्या दिवशी पोरांनी व्यायामशाळेत ओळीने उभं राहायचं, एकेकाने एकेक वाक्य खड्या आवाजात म्हणायचं आणि प्रत्येक वाक्याचे शेवटचे शब्द सगळ्यांनी मिळून परत म्हणायचे, ही तिथली जुनी पद्धत. वाक्यं मोठी माणसं लिहून देतात. पोरांनी पाठ करायची. आईबाप रडतात, मग सगळे मिळून जेवतात.

फेब्रुवारीत एका दुपारी कुरोइवा कागदांची गुंडाळी घेऊन शिक्षकांच्या खोलीत आले. गावमंडळाचे अध्यक्ष. त्यांचे वडीलही अध्यक्ष होते. बाईंपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठे, त्यामुळे अख्ख्या शाळेत बाईंना नावाने हाक मारणारे ते एकटेच.

"चिझुरु, जरा नजर घाल यावर. या वेळी सगळं इंग्रजीत करायचं ठरवलंय."

"कुणी ठरवलं?"

"मंडळाने. टीव्हीवाले येणारेत, जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी येणारेत. बेटाचं नाव होईल."

"दादा, बेटावर इंग्रजी कळतं कुणाला?"

"कळायला कशाला पाहिजे? प्रत्येकाच्या हातात छापील कागद देऊ की, आपल्या भाषेतला. तू फक्त चुका काढ."

बाईंनी लाल पेन घेतलं. हात सवयीचा. धन्यवाद समुद्रा, धन्यवाद डोंगरा, असली वाक्यं त्या भराभर नीट करत गेल्या. शेवटून दुसरं वाक्य होतं, आय कम बॅक टू धिस आयलंड. बाईंनी मध्ये विल घातलं आणि पुढच्या ओळीवर गेल्या. मग पेन थांबलं.

"हे कुणी म्हणायचं?"

"शिओरीने. शेवटची तीच ना." कुरोइवा खुशीत होते. "आणि त्याच्याखालचं तुझं. शाळेचं संग्रहालय करतोय आपण. जुने बाक, जाळी, सगळ्या वर्गांचे फोटो. चावी तुझ्याकडे. सकाळी उघडायचं, संध्याकाळी बंद करायचं. तू काय, मोकळीच आहेस."

खालचं वाक्य कुरोइवांनी बरोबर लिहिलं होतं. आय विल वॉच ओव्हर धिस स्कूल. मी या शाळेची राखण करीन. दुरुस्तीला काही जागाच नव्हती. आणि वरच्या वाक्यातलं विल बाईंच्या स्वतःच्या अक्षरात, लाल शाईत, ठसठशीत दिसत होतं. दुसऱ्याच्या पोरीच्या गळ्यात दोर घालताना गाठ नीट बसली नव्हती, ती आपण नीट करून दिली, असं बाईंना वाटलं आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिट्टी आली. कुरोइवांना वाटलं, पडसं झालंय.

आता बाईंचं काय झालं होतं ते सांगितलं पाहिजे. पंधराव्या वर्षी, त्याच व्यायामशाळेत, त्याच ओळीत त्या उभ्या होत्या. वाक्य कुरोइवांच्या वडिलांनी दिलं होतं. मी शिकून परत येईन आणि या बेटाच्या कामी येईन. पोरीने खणखणीत म्हटलं. टाळ्या पडल्या, बाप रडला. पुढे ती शिकली, आणि कोबेत एका जहाज कंपनीने तिला परदेशी पत्रव्यवहारासाठी घेतलं. खोली बघून झाली होती, पडद्याचं कापडसुद्धा घेऊन झालं होतं. तेवढ्यात बाप आणि गावातली चार वजनदार माणसं होडीने आली. मारहाण नाही, आरडाओरडा नाही. गुडघे मुडपून बसले, चहा घेतला आणि एवढंच म्हणाले, "तू सगळ्यांसमोर म्हणाली होतीस."

ती परत आली. बदल्या झाल्या, आजूबाजूच्या बेटांवर होडीने जाऊन-येऊन शिकवलं, पण घर तेच राहिलं. आईचं दुखणं काढलं, मग बापाचं. लग्न राहून गेलं ते गेलंच. पडद्याचं कापड तसंच कपाटात होतं. बाईंनी नंतर त्याची फडकी केली, फळा पुसायला.

तालमी सुरू झाल्या. मुख्याध्यापक होत्ता सर पलीकडच्या शहरातले, मऊ माणूस, भांडण दिसलं की रुमाल काढून कपाळ टिपणारा. तालीम कुरोइवाच घेत. ते पुढे उभे राहून एकेक वाक्य म्हणून दाखवत आणि शेवटचे शब्द पोरं म्हणत. पहिली-दुसरीची चिमुरडी तर इतकी तयार झाली, की पुढून कुणीही मोठ्याने काही म्हटलं की यांचे घसे तयार. एकदा कुरोइवांना ठसका लागला. ते हात वर करून म्हणाले, "थांबा जरा."

"थांबा जरा," पोरं एका सुरात म्हणाली.

"अरे, हे नाही."

"हे नाही."

होत्ता सर हसले, कुरोइवाही हसले. शिओरी हसली नाही. तिची पाळी आली की दरवेळी तेच व्हायचं. आय विलपर्यंत आवाज नीट यायचा, पुढे घशातून नुसती हवा.

"जोरात, बाळ. मागच्या रांगेत आजी-आजोबा असतील."

परत तेच. होत्ता सर म्हणाले, थंडी आहे, घसा धरला असेल. कुरोइवांनी शिओरीच्या खांद्यावर हात ठेवला. "घाबरायचं काय त्यात? ह्या इसोबे बाई बघ. इथेच उभ्या राहून म्हणाल्या होत्या. आणि आल्या की नाही परत? बोलल्या ते करून दाखवलं. अशी माणसं आहेत म्हणून बेट आहे."

बाई भिंतीशी खुर्च्या रचत होत्या. हातातली खुर्ची त्यांनी इतक्या जोरात ठेवली, की चिमुरड्यांनी दचकून तोंडं मिटली.

तालीम संपल्यावर शिक्षकांच्या खोलीत त्यांनी कुरोइवांना गाठलं. होत्ता सर चहा ओतत होते, ते तसेच भांडं धरून राहिले.

"दादा, ते वाक्य काढा."

"कोणतं?"

"कोणतं ते तुम्हाला माहीत आहे. आणि मला पुढे करून त्या पोरीला दाखवू नका. मी काही तुमच्या दुकानातला नमुना नाही."

"काय बोलतेस चिझुरु. मी तर कौतुक केलं."

"त्याच कौतुकावर माझं आयुष्य गेलं. पंधरा वर्षांच्या पोरीला काय कळतं उद्याचं? तिच्या तोंडात शब्द घालायचे, टाळ्या वाजवायच्या, आणि मग तिने कुठे पाय टाकला की तेच शब्द तिच्यापुढे धरायचे. लाज नाही वाटत तुम्हाला?"

होत्ता सर म्हणाले, "इसोबे बाई, कागद छापायला गेलेत—"

"छापलेले कागद फाडता येतात, सर. आपण चहा ओता."

कुरोइवा खुर्चीत बसले. चिडले नाहीत, हीच पंचाईत. चिडले असते तर बाईंनी त्यांना सोलून काढलं असतं.

"माझी दोन्ही पोरं म्हणाली होती," ते म्हणाले. "तुला आठवत असेल. थोरला ओसाकाला, धाकटा नागोयाला. नववर्षाला फोन येतो. बेटावरच्या प्रत्येक घरात हेच आहे. मला काय कळत नाही, ही पोरगी येणार नाही म्हणून? न येऊ दे. पण म्हणायला काय जातं? म्हाताऱ्यांना ऐकून बरं वाटेल. तेवढंच तर उरलंय आमच्याकडे."

"ऐकणाऱ्याचं काही जात नाही, दादा. म्हणणाऱ्याचं जातं."

"एका वाक्याने?"

"मी कुठे बसले आहे ते बघा आणि मग विचारा."

कुरोइवा खुर्चीतून उठले. खिशातून चावी काढून बाईंच्या टेबलावर ठेवली. शाळेची चावी, लाकडी बिल्ल्याला बांधलेली. "आत्ताच घेऊन ठेव," ते म्हणाले. "त्या दिवशी गडबडीत राहून जाईल." आणि गेले. होत्ता सरांनी थंड झालेला चहा कपात ओतला. तो कुणी प्यायला नाही.

बाईंची ती रात्र कशी गेली ते विचारू नका. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्यांनी शिओरीला थांबवून घेतलं. वर्गात एकच बाक वापरात होता, तिचा.

"तुला ते वाक्य म्हणायचं नाही ना?"

शिओरीने मान वळवली. खिडकीतून चढावरच्या बागा दिसत होत्या. तिचे वडील त्या दिवशी छाटणीला आले होते, वाकलेली पाठ तेवढी दिसत होती. ओगुशी पण बाईंचेच विद्यार्थी. मुकाट माणूस, मुलीला तो कधी राहा म्हणाला नाही की जा म्हणाला नाही.

"बोल की. मी खाणार नाही तुला."

"बाई, तुम्ही म्हणता ना, उद्यापर्यंत होईल तेवढंच. हे काय उद्यापर्यंत होतंय?"

"नाही होत. आणि होऊही द्यायचं नाही." बाईंचा पारा चढलेलाच होता. त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, आय विल नॉट कम बॅक. नॉटखाली दोन रेघा मारल्या. "हे म्हणायचं. टीव्हीवाल्यांसमोर, अधिकाऱ्यांसमोर. खणखणीत. सगळ्यांच्या नाकावर टिच्चून. पुढचं मी बघते. तुझ्या बाबांशी मी बोलते. कुणी तुझ्या दारात गुडघे मुडपून बसायला आला तर त्याला आधी माझ्या दारावरून जावं लागेल."

शिओरीने फळ्यावरचं वाक्य वाचलं.

"हे तरी उद्यापर्यंत होतंय का, बाई?"

खडू बाईंच्या हातातच राहिला.

"कुरोइवाकाकांनी एक वाक्य दिलं. तुम्ही एक दिलं," शिओरी म्हणाली. आवाज खालचाच, पण या वेळी घसा धरला नव्हता. "मला बागेत आवडतं. बाबांबरोबर पाटीत संत्री भरायला आवडतं. आणि मला हिरोशिमाही बघायचंय. तिथे आवडेल की नाही, मला कसं कळणार? सगळे मला वाक्य देतात. माझं मला कुणी विचारतच नाही."

शिट्टी आली, पण ती कुणासाठी ते बाईंना कळेना. त्यांना राग आला होता, सणसणीत राग, आणि समोर फक्त त्यांच्याच अक्षरातला फळा होता. कुरोइवा म्हाताऱ्यांसाठी पोरीचा उद्या मागत होते. आणि आपण कुणासाठी मागत होतो, तर कोबेतल्या एका खोलीसाठी, न लावलेल्या पडद्यांसाठी. आपली उधळलेली वर्षं आपण हिच्या तोंडून वसूल करायला निघालो होतो. बाईंनी फडकं घेतलं आणि फळा पुसला. दोन रेघा जाता जाईनात, मग त्या नखाने खरवडल्या.

"मग काय म्हणणार आहेस?" त्यांनी पाठमोऱ्याच विचारलं.

"माहीत नाही अजून."

"बरं. जा. अंधार व्हायच्या आत चढ चढ."

निरोपाच्या दिवशी व्यायामशाळेत लाल-पांढरा पडदा लावला होता. रॉकेलच्या शेगड्या लावूनही पाय गार पडत होते. गावातल्या बायकांनी पहाटेपासून मासा घातलेला भात शिजवला होता, त्याचा वास दारातून आत येत होता. सगळं बेट आलं होतं, काठ्या टेकत, चाकाच्या खुर्चीत, पाठीवर घ्यायला नातू उरला नाही म्हणून शेजाऱ्याच्या हाताला धरून. प्रत्येकाच्या हातात छापील कागद. टीव्हीचा एक मुलगा कॅमेरा घेऊन कोपऱ्यात उभा होता. अधिकाऱ्यांचं भाषण झालं, त्यात त्यांनी बेटाचं नाव एकदा चुकवलं.

इसोबे बाई शिक्षकांच्या रांगेत बसल्या होत्या, काळ्या किमोनोत. कमरपट्ट्यात चावी खोचलेली. ती सकाळपासून बरगडीला टोचत होती.

पोरं ओळीत उभी राहिली. वाक्यं सुरू झाली. थँक यू, सी. समुद्राचे आभार. थँक यू, माउंटन. प्रत्येक वाक्यामागे चिमुरड्यांचा कोवळा, पण कान फाटेल असा आवाज. मागच्या रांगेतून नाकं ओढल्याचे आवाज येऊ लागले. कुरोइवा पुढच्या खुर्चीत ताठ बसून ओठ हलवत होते.

शिओरी पुढे आली. वाकून नमस्कार केला. लोकांनी कागदावर बोट ठेवलं, शेवटून दुसरं वाक्य.

"आय," ती म्हणाली आणि थांबली. बाईंनी किमोनोची बाही मुठीत धरली. म्हण, त्यांना वाटलं, काहीही म्हण, पण तुझं म्हण.

"आय डोन्ट नो येट."

"डोन्ट नो येट," चिमुरडी पूर्ण ताकदीने म्हणाली.

आता गंमत अशी, की बेटावर कुणाला इंग्रजी येत नाही हे खरं, पण हे एवढं सगळ्यांना येतं. वर्षानुवर्षं इसोबे बाईंनी उभं करून प्रश्न विचारला की हेच तर म्हणायचे सगळे, आय डोन्ट नो. बाप्यांना कळलं, बायकांना कळलं, चाकाच्या खुर्चीतल्या आजीला शेजारणीने कानात सांगितलं. कागदावरची बोटं तशीच राहिली. टाळ्या पडल्या नाहीत. ओगुशींनी एकदा मुलीकडे पाहिलं आणि मग मांडीवरच्या आपल्या हातांकडे पाहिलं, आणि त्यांचे खांदे जरा खाली आले. खूप वेळ पाटी डोक्यावर धरलेल्या माणसाचे येतात तसे. शिओरी नमस्कार करून ओळीत गेली. तिचे कान लाल झाले होते.

होत्ता सरांनी रुमाल काढला. आणि कार्यक्रम छापलेला होता म्हणून त्यांनी पुढचं नाव पुकारलं. इसोबे चिझुरु.

बाई उठल्या. पुढे गेल्या. समोर सगळं बेट. यातल्या निम्म्यांना त्यांनी वाक्यं खोडायला लावली होती. बाजूला चिमुरडी, तोंडं अर्धी उघडून, शेवटचे शब्द झेलायला तयार. बाईंना त्या क्षणी कुरोइवांचा राग आला, त्यांच्या मेलेल्या बापाचा आला, आपल्या बापाचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या पंधरा वर्षांच्या पोरीचा आला, जिने इतकं खणखणीत म्हटलं होतं. नाकातून शिट्टी आली. पहिल्या तीन रांगांनी ती ऐकली आणि सवयीने पाठी ताठ केल्या.

त्या इंग्रजीत बोलल्याच नाहीत. बेटाच्या बोलीत बोलल्या, मासळीच्या बाजारात बोलतात तशा.

"चावी मी घेणार नाही."

"घेणार नाही," चिमुरडी म्हणाली.

बाईंनी कमरपट्ट्यातून चावी काढली, कुरोइवांच्या समोर गेल्या, आणि ती त्यांच्या मांडीवर, छापील कागदावर ठेवली. लाकडी बिल्ला आपटल्याचा आवाज झाला. कोपऱ्यातल्या मुलाने कॅमेरा खाली घेतला.

कुरोइवा उभे राहिले. त्यांचा चेहरा फाटल्यासारखा झाला होता. सकाळपासून त्यांनी काही खाल्लं नव्हतं, दोन्ही मुलांना फोन करून झाला होता, दोघांनाही रजा मिळाली नव्हती. चावी त्यांच्या हातात होती आणि ती कुठे ठेवावी हे त्यांना कळत नव्हतं. ते बाईंवर ओरडणार असं सगळ्यांना वाटलं, बाईंनाही वाटलं, आणि त्या तयारच होत्या, चांगली चार वाक्यं ओठांवर होती.

"मग कोण घेणार?" कुरोइवा म्हणाले. जोरात, तालमीत म्हणायचे तसं, आवाज मात्र मध्येच चिरकला.

"कोण घेणार," चिमुरडी एका सुरात म्हणाली, आणि पुढचं वाक्य कुठलं म्हणून एकेका मोठ्या माणसाच्या तोंडाकडे बघू लागली.